आपल्या परिसराचे स्टिकर : फेरफटक्यापासून छापलेल्या शीटपर्यंत

मी राहतो त्या रस्त्याच्या वळणावर एक बाक आहे. चार फळ्यांचा. त्यातली तिसरी फळी कधीतरी मोडली आणि कुणीतरी तिच्या जागी हिरव्या रंगाची, जरा जाडसर फळी ठोकून दिली. बाकीच्या तीन फळ्या उन्हापावसाने करड्या झाल्यात, ही एकच हिरवी.

परिसराचे स्टिकर करायला घेतले तेव्हा हा बाक माझ्या यादीत नव्हता. पूल, घड्याळाचा मनोरा, मोठी इमारत अशी पोस्टकार्डावर शोभणारी चित्रं मी काढली होती. शेजाऱ्यांनी ती पाहिली, ‘छान आहेत’ म्हणाले आणि परत दिली. पुढच्या खेपेला बाक काढला. एका आजींनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अरे, हा तर आपला बाक!’ तो स्टिकर त्यांनी परत दिला नाही.

तेव्हापासून मी एवढंच बघतो की, रोज तिथून जाणाऱ्या माणसाला हे चित्र एका नजरेत ओळखू येईल का? मनोरा पाहुण्यांनाही ओळखू येतो. हिरवी फळी फक्त आपल्या माणसांना. पुढची सगळी कृती याच हिशेबाने लिहिली आहे.

पायरी १ : चाला, आणि तोच रस्ता पुन्हा चाला

निम्मं काम पायांनी होतं. घरापासून पंधरा-वीस मिनिटांचा एक फेरा ठरवा आणि तोच फेरा तीनदा मारा : सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. नवनवे रस्ते शोधायचा मोह आवरा. पहिल्या फेरीत दिसतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या फेरीत खटकणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात. मुळांनी उचललेली फरशी, एकाच फाटकाच्या दोन दारांचे वेगळे रंग, खांबावर चढून दिव्यापर्यंत पोहोचलेला वेल. रात्री तोच वेल भिंतीवर केवढी सावली टाकतो, हे दुपारच्या फेरीत कळणार नाही.

पहिल्या फेरीत फोन खिशातच ठेवा. एक छोटी वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीची एकच ओळ लिहा : काय आहे, कुठे आहे, वेगळं काय आहे. ‘बाक, वळणावर, तिसरी फळी हिरवी.’ तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही तर ती गोष्ट बहुधा स्टिकरच्या कामाची नाही.

नजर कुठे फिरवायची हे कळत नसेल तर केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराची विभागणी कामी येते. माणसं शहर मनात कसं साठवतात याचा अभ्यास करून त्यांनी १९६० साली पाच घटक मांडले : वाटा, कडा, भाग, जिथे वाटा मिळतात ती ठिकाणं, आणि ठळक खुणा. स्टिकर काढणारे बहुतेक जण खुणांवरच थांबतात. माझा अनुभव असा की खरा माल कडांवर सापडतो. डांबर संपून माती सुरू होते ती जागा, दोन कुंपणांच्या मधली बोळ, पायऱ्यांच्या शेजारी लोकांनी चालून चालून पाडलेली पायवाट. ती पायवाट कुठल्याही नकाशात नसते, पण अख्खा परिसर तिच्यावरूनच जातो.

जुन्या रहिवाशांशी बोला. ‘इथे आधी काय होतं?’ एवढा एक प्रश्न पुरतो. तोडलेलं झाड, बुजवलेली विहीर, पाडलेली भिंत, सगळ्याचे स्टिकर होतात. आता नसलेल्या गोष्टींचे स्टिकर लोक सर्वांत जपून ठेवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसऱ्या फेरीपासून फोटो काढा. फोटो समोरून घ्या आणि थोडं लांब उभं राहून झूम करा. अगदी जवळून काढला तर आकार वाकडे येतात आणि पुढे गिरवताना तोच वाकडेपणा चित्रात उतरतो. पोतासाठी दुसरी युक्ती आहे. गटाराच्या झाकणावर, दगडी भिंतीवर किंवा झाडाच्या सालीवर पातळ कागद धरा आणि वरून मऊ शिसपेन्सिल आडवी घासा. उमटलेला ठसा स्कॅन केला की कुठल्याही तयार ब्रशमध्ये मिळणार नाही असा पोत हाती येतो, तोही त्याच जागेचा.

पायरी २ : निवड

तीन फेऱ्यांनंतर वहीत तीस-चाळीस ओळी जमतात. त्यातल्या सहा ते आठ ठेवा. निवडायची माझी पद्धत अशी : शेजारच्या कुणाला तरी जागेचं नाव न घेता वस्तूचं वर्णन करून सांगायचं. त्याने लगेच ‘हां, ते कोपऱ्यावरचं!’ म्हटलं तर ठेवायचं. त्याला आठवावं लागलं तर सोडून द्यायचं, आपल्याला कितीही आवडत असलं तरी.

संचात एकाच जातीच्या गोष्टी नकोत. एखादी सजीव वस्तू असू द्या : कुंपणावर बसणारं मांजर, ठरलेल्या तारेवरचा पक्षी. एखादा स्टिकर नुसत्या अक्षरांचा, एखादा पोताचा. सहाही दरवाजे असतील तर शीट एखाद्या कॅटलॉगसारखं दिसतं.

परवानगीचा प्रश्न इथेच सोडवून टाका, छपाईच्या आदल्या रात्री नको. भिंतीवरचं रंगवलेलं चित्र रस्त्यावर असलं तरी त्याचा हक्क साधारणपणे चित्रकाराकडे असतो. ते जसंच्या तसं उतरवायचं तर त्याला विचारायला हवं. दुकानांची आणि कंपन्यांची बोधचिन्हं टाळा. इमारती आणि सार्वजनिक शिल्पांबाबत देशोदेशी कायदे वेगळे आहेत, म्हणून स्टिकर विकायचे असतील तर आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्या. कुणाच्या घराचा दरवाजा काढलात तर घरमालकाला विचारा आणि घराचा क्रमांक, पाटी, गाडीचा नंबर चित्रातून काढून टाका. ओळखू येईल असा माणसाचा चेहरा त्याला न विचारता मी काढत नाही.

पायरी ३ : आधी माप

बहुतेक चित्रं इथे फसतात. पडद्यावर मोठं करून काढलेलं चित्र सुंदर दिसतं आणि ५ सेंटिमीटरमध्ये छापलं की नुसती गिचमिड होते. म्हणून चित्राआधी माप ठरवा. लॅपटॉप, वही, पाण्याची बाटली यांच्यासाठी ५ ते ७.५ सेंटिमीटर पुरतात. साध्या कागदावर त्या मापाचे चौकोन आखून त्यातच पेन्सिलने कच्ची चित्रं काढा. हात लांब करून, डोळे किलकिले करून बघा. तरीही वस्तू कळली तर पुढे जा.

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे ५ सेंटिमीटरला साधारण ५९० पिक्सेल आणि ७.५ सेंटिमीटरला ८८६. मी दुप्पट मापात काढतो, म्हणजे पुढे थोडं मोठं छापायचं झालं तरी अडत नाही. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेलं, चित्र काढत असाल तर पिक्सेलची चिंता नाही, ते कितीही मोठं करता येतं. मात्र रेषेची जाडी तिथेही पाहावी लागते. छापील मापात अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड पॉइंट, याहून बारीक रेघ मुख्य आकाराला देऊ नका.

पायरी ४ : चित्र, म्हणजे काय काय काढून टाकायचं

बाकाचंच उदाहरण घेतो. फोटोवर ट्रेसिंग कागद ठेवून जे दिसतं ते सगळं मी गिरवलं. मागचं झाड, खालचा पाचोळा, फळ्यांच्या लाकडातल्या रेषा, बोल्ट, पायांवरचा गंज. चित्र बिनचूक होतं आणि बाक कुठेच दिसत नव्हता.

मग एकेक वजा करत गेलो. झाड आणि पाचोळा गेला. लाकडातल्या रेषा गेल्या, कारण त्या मापात त्यांची नुसती जाळी दिसत होती. करड्या फळ्यांचे बोल्ट काढले, पण हिरव्या फळीचे दोन खिळे ठेवले. ती फळी ठोकलेली आहे आणि बाकीच्या बोल्टने बसवलेल्या आहेत, दुरुस्तीची सगळी गोष्ट त्या दोन खिळ्यांत आहे. शेवटी चार फळ्या, दोन पाय, दोन खिळे आणि बाकाखाली सावलीचा एक सपाट आकार उरला. हिरवी फळी आहे त्याहून दीडपट जाड केली. स्टिकरमध्ये एवढी अतिशयोक्ती चालते, किंबहुना हवीच.

दोन गोष्टी तपासा. पहिली, सगळं चित्र काळ्या रंगाने भरून नुसती बाह्याकृती बघा. तिच्यावरून वस्तूचा अंदाज यायला हवा. दुसरी, बाहेर आलेली बारीक टोकं शोधा. वेलाचं टोक, पक्ष्याची शेपटी, तार. कापल्यावर हीच टोकं आधी उचलली जातात आणि फाटतात. ती जाड करा, गोल करा किंवा चित्राच्या अंगाशी आणा. बाकाच्या पायांमधली मोकळी जागाही मी कापायला ठेवली नाही. तिथे फिका रंग भरला. आतली लहान भोकं कापायला किचकट आणि चिकटवताना त्याहून त्रासदायक.

साधनं हाताशी असतील ती घ्या. काळ्या पेनने कागदावर काढून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि इंकस्केपमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’ने व्हेक्टर करून घ्या, मला ही वाट सर्वांत आवडते, कारण हाताची थरथर शिल्लक राहते. इंकस्केप आणि क्रिता मोफत आहेत. आयपॅडवर प्रोक्रिएट चांगलं चालतं, फक्त त्यात चित्र पिक्सेलचं असतं, म्हणून कॅनव्हासचं माप सुरुवातीलाच नीट घ्यावं लागतं.

पायरी ५ : देवनागरी अक्षरं

गल्लीचं बोलीतलं नाव, वळणाला लोकांनी ठेवलेलं टोपणनाव, रोज कानावर येणारं एखादं वाक्य, यांचे स्टिकर फार गोड होतात. पण देवनागरीच्या काही खोड्या आहेत आणि त्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन लिपीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. दोन ओळींमध्ये जागा सढळ ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा एकमेकांत अडकतात. ‘कुंभाराची गल्ली’ आणि तिच्याखाली ‘मैदानाकडे’ असं लिहून बघा म्हणजे कळेल. जोडाक्षरांच्या आतल्या बारीक फटी लहान मापात शाईने भरून जातात. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ असलेला शब्द छापील मापात काढून आधीच तपासा. बारीक वजनाचा फॉन्ट टाळा. मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. साध्या मजकुराला मुक्ता, जाडजूड आणि गोलसर हवं तिथे बलू.

आणि सर्वांत महत्त्वाचं : फाइल छपाईला देण्याआधी अक्षरांचे आकारात रूपांतर करा. इंकस्केपमध्ये त्याला ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ म्हणतात. हे केलं नाही आणि समोरच्या संगणकात तो फॉन्ट किंवा देवनागरी नीट जोडणारं सॉफ्टवेअर नसलं, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसू शकते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटू शकतात. माझं एक अख्खं शीट असं छापून आलं होतं. चूक माझी होती, मी फाइल तशीच पाठवली होती. अक्षरं दुरुस्त करता येतील अशी मूळ प्रत मात्र वेगळी जपून ठेवा; एकदा आकार झाले की शुद्धलेखन सुधारता येत नाही.

पायरी ६ : रंग

रंग फोटोतून उचला. भिंत, फाटक, माती, पानं यांतून चार-पाच रंग घ्या आणि सगळा संच तेवढ्यातच बसवा. वेगवेगळी चित्रं एकाच परिसराची वाटतात ती यामुळे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांनी. झगझगीत निळा, पोपटी आणि निऑन रंग त्या चार शायांत उतरतच नाहीत, मळकट होतात. म्हणून सीएमवायके, म्हणजे याच चार शायांचा, प्रीव्ह्यू सुरू ठेवून रंग निवडा. चित्र एकदा कृष्णधवल करूनही बघा. माझ्या बाकाची हिरवी फळी करड्या फळ्यांत पार मिसळून गेली होती. ती गडद केली तेव्हा कुठे ती वेगळी उठून दिसली.

पायरी ७ : कड आणि कापायची रेष

चित्राभोवती २ ते ३ मिलिमीटरची पांढरी कड ठेवली की स्टिकर कुठल्याही रंगाच्या वस्तूवर उठून दिसतो आणि कापताना थोडी चूक झाली तरी खपते. इंकस्केपमध्ये सगळ्या चित्राची प्रत काढा, तिचे सगळे आकार ‘युनियन’ने एक करा आणि ‘आउटसेट’ने बाहेर फुगवा. पांढरी कड नको असेल तर रंग कापायच्या रेषेच्या बाहेर २-३ मिलिमीटर जाऊ द्या. याला ब्लीड म्हणतात. महत्त्वाचा मजकूर रेषेच्या आत तेवढाच लांब ठेवा.

कापायची रेष वेगळ्या लेयरवर, एकसंध आणि बंद हवी. तिच्यावर नको तितके बिंदू असतील तर कापणाऱ्या यंत्राचं पातं प्रत्येक बिंदूशी अडखळतं आणि कड खडबडीत येते. बिंदू कमी करा, वळणं गोल करा. त्या रेषेला कुठलं नाव आणि रंग द्यायचा हे छापणाऱ्याला विचारा. अनेक यंत्रांना ‘कटकॉन्टूर’ हे नाव कळतं. हाफ-कट म्हणजे वरचा थर कापला जातो, मागचा कागद अखंड राहतो. एका शीटवर बरेच स्टिकर हवे असतील तर हा. फुल-कटमध्ये मागचा कागदही त्याच आकारात कापला जातो. सुटे वाटायचे तर तो.

पायरी ८ : कशावर छापायचं

स्टिकर तीन थरांचा असतो : वरचा छापायचा थर, मधला गोंद आणि मागचा सिलिकॉन लावलेला कागद. पाणी न लावता चिकटणारी, आकारात कापून मिळणारी लेबलं व्यापारी पातळीवर बाजारात आणली ती अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी यांनी, १९३५ साली. हा गोंद दाबाने चिकटतो. म्हणून स्टिकर लावल्यावर मधून कडेकडे अंगठ्याने नीट दाबायचा आणि बाटलीला लावला असेल तर एक दिवस पाण्यापासून लांब ठेवायचा.

वहीत, पाकिटावर लावायचे असतील तर कागदी गमिंग शीट पुरतं. बाटली, सायकल, खिडकीसाठी व्हिनायल (प्लास्टिकचं शीट) आणि वर लॅमिनेशन. मॅट लॅमिनेशनमध्ये हाताने काढलेल्या रेषा अधिक चांगल्या दिसतात, निदान मला. पारदर्शक व्हिनायलचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यावर खाली पांढऱ्या शाईचा थर छापून घेतला नाही तर गडद वस्तूवर चित्र नाहीसं होतं. माझा बाक निळ्या बाटलीवर असाच विरघळून गेला.

पायरी ९ : घरी छापायचं तर

ए-४ शीटवर ६ सेंटिमीटरचे १२ स्टिकर बसतात : आडवे तीन, उभे चार, मध्ये ४ मिलिमीटर जागा सोडून. आधी साध्या कागदावर छापा आणि पट्टीने मोजा. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ सुरू असेल तर माप गुपचूप लहान होतं. १०० टक्के ठेवा. इंकजेटची डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) पाण्याने पसरते, त्यामुळे छापल्यावर पूर्ण वाळू द्या आणि वर पारदर्शक लॅमिनेशन लावा. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवा. हाफ-कट हाताने करायचा असेल तर कटरला नवं पातं घाला आणि उरलेल्या तुकड्यावर दाबाचा अंदाज घ्या.

छापखान्यात द्यायचं असेल तर व्हेक्टर पीडीएफ द्या आणि सगळ्या प्रती छापण्याआधी एक टेस्ट प्रिंट मागा. त्यातला एक स्टिकर रात्रभर पाण्यात टाका, एक उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे चिकटवून ठेवा.

फोनसाठी तीच चित्रं

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टिकरला ५१२ × ५१२ पिक्सेल, वेबपी फाइल आणि पारदर्शक पार्श्वभूमी लागते. स्थिर चित्र १०० केबीच्या आत, हलतं ५०० केबीच्या आत. एका पॅकमध्ये ३ ते ३० स्टिकर चालतात. भोवती ८ पिक्सेलची पांढरी कड ठेवा, नाहीतर गडद पार्श्वभूमीवर काळ्या रेषा दिसत नाहीत. टेलिग्रामला एक बाजू ५१२ पिक्सेल आणि दुसरी तेवढी किंवा कमी.

कुठे लावायचे, कसे द्यायचे

आपल्या वस्तूंवर लावा. खांब, पाट्या, दुसऱ्यांच्या भिंती यांवर नको. बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि तो गोंद खरवडायला कुणीतरी माणूसच येतो. रहदारीच्या पाटीवर लावलेला स्टिकर तर धोक्याचा.

देताना मी फुल-कट स्टिकरच्या मागच्या कोऱ्या कागदावर पेनाने दोन-चार रेघांचा नकाशा काढतो : वळण, झाड आणि एक फुली. वॉटरप्रूफ मार्कर वापरा, साधी शाई त्या गुळगुळीत कागदावर पुसली जाते. पॅकेट करत असाल तर हाच नकाशा आतल्या चिठ्ठीवर छापा आणि त्यावर महिना-वर्ष घाला. उद्या कुणी ती हिरवी फळी करडी रंगवली, तर स्टिकर कधीचा आहे हे त्या तारखेवरून कळेल.